कानातला अनोळखी आवाज : मोबाईलवरील खेळ आणि मुलांचे मन

सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखते, रविवारी मात्र दुखत नाही. डोके दुखते, पण चष्म्याचा नंबर निघत नाही. भूक मंदावली, चिडचिड वाढली, अभ्यासात लक्ष नाही. रक्त, लघवी तपासून झाली, सारे अहवाल व्यवस्थित आहेत. अकरा ते सोळा या वयातील अशा तक्रारींची मुले अलीकडे दवाखान्यात बरीच दिसतात. पूर्वी अशा मुलाला जंताचे औषध आणि टॉनिकची बाटली देऊन घरी पाठवण्याची पद्धत होती. आता डॉक्टरने आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत. पहिला, "रात्री फोनवर काय खेळतोस?" आणि दुसरा, "कोणाबरोबर खेळतोस?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आईवडिलांना बहुधा ठाऊक असते. दुसऱ्याचे उत्तर ऐकताना मात्र तेच मुलाच्या तोंडाकडे बघत राहतात. आजचा लेख या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

खेळ नव्हे, नाका

चाळिशी-पन्नाशीतील पालकांच्या मनात व्हिडिओ गेम म्हटले की टीव्हीला जोडलेला डबा आणि त्यावर उड्या मारणारा मारिओ येतो. तो खेळ एकट्याचा होता. फार तर शेजारचा मुलगा सोबतीला असे. आजचा खेळ तसा नाही. बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्स यांसारख्या खेळात चार-चार जणांची टोळी करून उतरायचे असते. टोळीत ओळखीचे भिडू नसतील तर यंत्रच कोणाशी तरी जोडी लावून देते. कानात हेडफोन असतो आणि खेळता खेळता सगळे एकमेकांशी बोलत असतात. रोब्लॉक्ससारख्या ठिकाणी तर खेळणारेच आपापली गावे, शाळा, रणांगणे उभी करतात आणि इतरांना तिथे बोलावतात. खेळ संपला की हीच मंडळी डिस्कॉर्ड, टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपच्या गटात जाऊन बसतात. तिथे गप्पा चालू राहतात.

थोडक्यात, हा खेळ म्हणजे एक नाका आहे. आपला तेरा वर्षांचा मुलगा रात्री अकरा वाजता वाकण फाट्यावर चार परक्या माणसांच्या घोळक्यात उभा दिसला, तर आपण पायात चपला न घालता धावत जाऊ. तोच मुलगा तशाच घोळक्यात पांघरुणाखाली असतो, तेव्हा आपण म्हणतो, "असू दे, निदान घरात तरी आहे."

नाक्यावर सगळेच वाईट नसतात, हेही लगेच सांगायला हवे. वडील कंपनीत रात्रपाळीला, आई दिवसभराच्या कामाने थकलेली, मामेभाऊ मुंबईला, जिवलग मित्र बदली होऊन गेलेला, अशा मुलाला संध्याकाळचा तासभर खेळ आनंद देतो, सोबत देतो. बहुसंख्य मुले खेळतात, हसतात आणि झोपतात. त्यांना काहीही होत नाही. म्हणून हा लेख वाचून कोणी उठून मुलाचा फोन विहिरीत टाकू नये.

विज्ञान काय सांगते?

गोळीबाराचा खेळ खेळणारा मुलगा उद्या खरोखर कोणाला मारील काय, ही भीती पालक नेहमी बोलून दाखवतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० साली याविषयीचा उपलब्ध अभ्यास पुन्हा तपासला. त्यांचा निष्कर्ष असा, की असे खेळ आणि ओरडणे, ढकलणे, चिडणे यांचा थोडा संबंध दिसतो; पण खऱ्या हिंसक गुन्ह्यांचे कारण म्हणून खेळांकडे बोट दाखवण्याइतका पुरावा नाही. म्हणजे पडद्यावरची बंदूक हा मुख्य धोका नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत स्थान दिले असून ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पण त्याची व्याख्या कडक आहे. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी साऱ्या गोष्टींहून खेळ मोठा होतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालते, तेव्हाच तो आजार. सुट्टीत रोज दोन तास खेळणारा मुलगा व्यसनी ठरत नाही.

मग धोका कशात आहे? खेळाच्या नाक्यावर तीन रोग पसरतात आणि ते कानातल्या आवाजातून येतात. छळ, विखार आणि खोटी बातमी, ही त्यांची नावे.

पहिला रोग : छळ

खेळात हरलेल्या भिडूला आईबहिणीवरून शिव्या देणे हे अनेक मुलांना आता हवेइतके नेहमीचे वाटते. जात, धर्म, बोलण्याची ढब, तोतरेपणा, काहीही निमित्त पुरते. आवाजावरून समोर मुलगी आहे असे कळले, की प्रकार आणखी खालच्या पातळीवर जातो. म्हणून कित्येक मुली मुलाचे नाव घेऊन, आवाज बंद ठेवून खेळतात.

ही केवळ पोरांची टवाळी नव्हे. २०१४ साली पाश्चात्त्य देशांत 'गेमरगेट' नावाचे प्रकरण घडले. खेळ तयार करणाऱ्या आणि खेळांवर टीका करणाऱ्या काही स्त्रियांविरुद्ध हजारो निनावी खात्यांवरून मोहीम चालवली गेली. घरचे पत्ते उघड करणे, बलात्काराच्या व खुनाच्या धमक्या देणे इथपर्यंत मजल गेली. समीक्षक अनिता सार्कीशियन यांना अमेरिकेतील युटा राज्याच्या विद्यापीठातले आपले व्याख्यान गोळीबाराच्या धमकीमुळे रद्द करावे लागले. एका खोट्या आरोपाभोवती टोळी कशी जमते आणि तिला छळाचीच चटक कशी लागते, हे तेव्हा जगाने पाहिले.

आपल्याकडचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत राज्य पोलीस मुख्यालयात सायबर जागृतीचा कार्यक्रम झाला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसही उपस्थित होते. तिथे अभिनेते अक्षय कुमार यांनी घरचा प्रसंग सांगितला. त्यांची तेरा वर्षांची मुलगी अनोळखी माणसाशी ऑनलाइन खेळत होती. सुरुवातीला त्याचे संदेश गोड होते. छान खेळलीस, कुठली आहेस, असे. मग त्याने विचारले, मुलगा की मुलगी? मुलगी आहे हे कळल्यावर थोड्या वेळाने त्याने तिच्याकडे नग्न छायाचित्रे मागितली. मुलीने खेळ बंद केला आणि उठून आईला सांगितले.

या प्रसंगातील शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे. पैसा, प्रसिद्धी, बंदोबस्त सारे असलेल्या घरातही तो माणूस आत शिरलाच. मुलगी वाचली ती आईला सांगता आले म्हणून. आपल्या घरातली मुलगी असे सांगेल काय? की "सांगितले तर बाबा आधी मला मारतील, मग फोन काढून घेतील" असा विचार करून गप्प बसेल?

छळाचा शरीरावर परिणाम कसा होतो तेही समजून घेऊ. कोणी धमकावले की मेंदू धोक्याची घंटा वाजवतो आणि ॲड्रिनलिन, कॉर्टिसोल ही संप्रेरके रक्तात सोडली जातात. छाती धडधडते, स्नायू ताठरतात, आतड्यांची चाल बिघडते. साप दिसला तर हे उपयोगी आहे, कारण पाच मिनिटांत साप जातो. पण धमकी खिशातल्या फोनमध्ये असेल तर ती रोज रात्री घरी येते. मग झोप उडते, पोट दुखते, मान-डोके दुखते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. ती सहा तासांवर आली की चिडचिड, विसराळूपणा आणि उदासी मागोमाग येतात. मुलाचे पोट खरेच दुखत असते, त्याला "नाटकी" म्हणू नये.

दुसरा रोग : विखार

दुसरा रोग हळू चढतो. कोणत्याही धर्माच्या, वंशाच्या किंवा विचाराच्या नावाने दुसऱ्यांचा द्वेष शिकवणाऱ्या मंडळींना एकटी, दुखावलेली, कौतुकाला भुकेलेली पोरे हवी असतात. ती खेळाच्या नाक्यावर आयती सापडतात.

२०२३ च्या सुरुवातीला सिंगापूर सरकारने एका १६ वर्षांच्या मुलावर कायद्याने निर्बंध घातले. हा मुलगा रोब्लॉक्समध्ये आयसिस या दहशतवादी संघटनेच्या नावाने उभारलेल्या खोट्या जगात खेळत होता. तिथल्या खेळातील 'म्होरक्या'ला त्याने निष्ठा वाहिली आणि तो स्वतःला त्या संघटनेचा माणूस समजू लागला.

हा विखार एकाच धर्माचा असतो असे मात्र समजू नये. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसांना मारणारा हल्लेखोर गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाने पेटलेला होता. त्याने कॅमेरा लावून हत्याकांड थेट दाखवले. ते चित्रण गोळीबाराच्या खेळासारखे दिसत होते आणि पुढे काहींनी त्याचे खेळही बनवले. मे २०२२ मध्ये अमेरिकेत बफेलो शहरातील दुकानात दहा कृष्णवर्णीयांना ठार करणाऱ्या तरुणाने आपल्या तयारीची रोजनिशी डिस्कॉर्डवर लिहिली होती.

आपल्या रायगडचेही नाव या विषयात आले. जून २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील गाझियाबाद पोलिसांच्या गुन्ह्यात ठाणे जिल्ह्यातील एका तरुणाला अलिबागेतून पकडले गेले. ऑनलाइन खेळातून अल्पवयीन मुलांशी ओळख वाढवायची, डिस्कॉर्डवर बोलत राहायचे आणि धर्मांतराकडे वळवायचे, असा पोलिसांचा आरोप होता. पोलिसांचा आरोप आणि न्यायालयात सिद्ध झालेला गुन्हा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पण याच प्रकरणात आणखी एक गोष्ट घडली. मुंब्र्यात ४०० जणांचे धर्मांतर झाल्याचा आकडा वाऱ्यासारखा पसरला. तिथले आमदार जितेंद्र आव्हाड यांनी जाहीरपणे पुरावा मागितला. पुरावा मागेपर्यंत तो आकडा असंख्य फोनवर पोहोचला होता आणि शेजाऱ्याकडे संशयाने बघायला शिकवून गेला होता. मुलांना विखारापासून वाचवण्याच्या नावाखाली मोठ्यांनीच विखार वाटला, तर त्याला उपचार म्हणत नाहीत.

टायफॉइडचा जंतू कोणत्या आळीच्या विहिरीतून आला यावर त्याची वागणूक ठरत नाही. विखाराचेही तसेच आहे. शिकवण कोणतीही असो, मुलाला गळाला लावण्याच्या पायऱ्या जवळपास त्याच असतात.

पहिली पायरी कौतुक. "तू भारी खेळतोस, आमच्या टोळीत ये."

दुसरी पायरी भेट. खेळातील पोशाख, बंदुकीचा रंग, नाणी. किंमत शंभर-दोनशे रुपये, पण ओझे मोठे.

तिसरी पायरी वेगळी खोली. उघड्या खेळातून खासगी गटात नेणे.

चौथी पायरी चेष्टा. द्वेषाचे विनोद, चित्रे. मुलगा दचकला तर म्हणायचे, "अरे, गंमत होती." हळूहळू दचकणे थांबते.

पाचवी पायरी गुपित. "घरच्यांना सांगू नकोस. त्यांना कळणार नाही. ते तुझा फोन काढून घेतील."

पैसे उकळणारा, छायाचित्रे मागणारा आणि द्वेष शिकवणारा, तिघेही याच जिन्याने चढतात. माणसाच्या मेंदूतील सारासार विचार करणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पूर्ण वाढतो. तेव्हा चौदाव्या वर्षी हा जिना ओळखता आला नाही म्हणून मुलाला मूर्ख ठरवणे बरोबर नाही. आणि पाचव्या पायरीतील शेवटचे वाक्य पालकांनी नीट पाहावे. परका माणूस मुलाला जी धमकी देतो, ती आपणच घरात रोज देत असलो, तर आपण त्याचे काम सोपे करतो.

तिसरा रोग : खोटी बातमी

२०१७ सालचा 'ब्लू व्हेल' पुष्कळांना आठवत असेल. ५० दिवस, ५० कामे आणि शेवटी आत्महत्या, असा एक खेळ मुलांचे बळी घेतो, अशी चर्चा रशियातील २०१६ च्या एका वृत्तपत्रीय लेखापासून सुरू झाली आणि जगभर गेली. जुलै २०१७ मध्ये अंधेरीत एका शाळकरी मुलाचा दुर्दैवी मृत्यू झाला आणि त्याचा संबंध या खेळाशी जोडला गेला. त्यानंतर देशभर एकच गदारोळ उडाला. शाळांनी सूचना काढल्या, पालकांनी मुलांचे हात तपासले. पुढे केंद्र सरकारने समिती नेमली. मृत मुलांच्या फोनचे, इंटरनेटचे, संभाषणांचे तपशील तपासले गेले. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितले, की यांपैकी एकाही घटनेत ब्लू व्हेलचा संबंध सिद्ध झाला नाही.

याचा अर्थ मुलांचे मृत्यू खोटे होते असा नाही. अर्थ असा, की खरे कारण शोधायचे राहून गेले. एखाद्या मुलाला कित्येक दिवस उदास वाटत असेल, त्याचा छळ होत असेल, आणि आपण त्याच्या हातावर माशाचे चित्र शोधत बसलो, तर निदान चुकले. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, विद्रूप चेहऱ्याच्या 'मोमो'ची अशीच हूल उठली. अशा संदेशांनी मुलांचे रक्षण होत नाही. उलट नको ती कल्पना त्यांच्या डोक्यात जाते आणि मोठ्यांच्या बोलण्यावरचा त्यांचा विश्वास उडतो.

खेळातून खोटी बातमी दुसऱ्याही वाटेने येते. 'आर्मा ३' हा युद्धाचा खेळ इतका हुबेहूब आहे, की त्यातील विमानहल्ल्याची दृश्ये खरी वाटतात. सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानातील पंजशीरवर हल्ला होत असल्याचे सांगून आपल्याकडील काही वृत्तवाहिन्यांनी या खेळातील दृश्ये दाखवली. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धात तेच घडले. शेवटी खेळ बनवणाऱ्या कंपनीलाच खुलासा करावा लागला. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांतही खेळातील दृश्ये लढाईची म्हणून फिरली आणि केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाला ती खोटी असल्याचे सांगावे लागले. गंमत अशी, की अशी फीत पाहून घरातील आजोबा हळहळतात आणि नातू एका नजरेत सांगतो, "आजोबा, हा गेम आहे." या बाबतीत त्याचे ऐकावे. ज्या मुलाला घरात शहाणपणाचा मान मिळतो, तो आपल्या अडचणीही घरात सांगतो.

लक्षणे कोणती?

पुढील गोष्टींपैकी एखादी दिसली म्हणून घाबरू नये. पण तीन-चार एकदम दिसल्या आणि दोन-तीन आठवडे टिकल्या, तर लक्ष घालावे.

१. कोणी जवळ आले की पडदा उलटा करणे किंवा एकदम दुसरे काही उघडणे.

२. संदेशाचा आवाज झाला की दचकणे. जो खेळ प्राणापलीकडे होता, तो अचानक सोडून देणे.

३. रात्री उशिरापर्यंत कुजबुज, सकाळी न उठणे, शाळेच्या दिवशी पोटदुखी.

४. कोणी दिले ते सांगता येत नाही अशा भेटी, रिचार्ज किंवा पैसे. अथवा घरातील पैसे कमी होणे.

५. एखाद्या जातीबद्दल, धर्माबद्दल किंवा स्त्रियांबद्दल अचानक तिरस्काराची भाषा, तीही पाठ केल्यासारखी.

६. जुने मित्र तुटणे. "मला समजून घेणारा एकच दादा आहे" असे म्हणणे आणि त्या दादाला कोणी पाहिलेले नसणे.

७. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा, स्वतःला इजा करणे. हे दिसले तर आठवडे मोजू नयेत, त्याच दिवशी डॉक्टरकडे यावे आणि मुलाला एकटे ठेवू नये.

काय करावे?

महिन्यातून दोन-तीनदा मुलाशेजारी बसून तो खेळ स्वतः खेळावा. आपण हरणार हे नक्की, पण अर्ध्या तासात कानातले आवाज कळतात. लहान मुलांसाठी परक्यांशी बोलण्याची सोय खेळाच्या सेटिंगमधून बंद करता येते. कशी करायची हे कळत नसेल तर मुलालाच विचारून दोघांनी मिळून करावी.

शक्य तर बारा-तेरा वर्षांपर्यंत हेडफोनशिवाय, घरातल्या माणसांत बसून खेळावे, असा नियम ठेवावा. रात्री साडेनऊनंतर घरातले सगळे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावेत. सगळे म्हणजे बाबांचाही.

मुलाला चार गोष्टी पाठ करून द्याव्यात. खरे नाव, शाळा, गाव सांगायचे नाही. छायाचित्र पाठवायचे नाही. खेळातून बाहेरच्या गटात परक्याच्या बोलावण्याने जायचे नाही. आणि "घरी सांगू नकोस" असे कोणी म्हटले, तर त्याच दिवशी घरी सांगायचे.

सर्वांत महत्त्वाचे वचन पालकांनी द्यायचे आहे. "तू येऊन सांगितलेस, तर त्या दिवशी मी ओरडणार नाही आणि सांगितल्याची शिक्षा म्हणून फोन काढून घेणार नाही." हे वचन दिले की पाळावे. एकदा मोडले, की मूल दुसऱ्यांदा सांगायला येत नाही.

मुलाने सांगितलेच, तर संदेश पुसू नयेत. आधी पडद्याची छायाचित्रे घ्यावीत, समोरच्याचे खाते नाव आणि वेळ लिहून ठेवावी. मुलाच्या छायाचित्रांचा प्रश्न असेल तर ती कोणालाही पुढे पाठवू नयेत. फोन जसाच्या तसा पोलिसांना दाखवावा. मग त्या खात्याला अडवावे. परक्याला स्वतः शिव्या घालू नयेत, पैसे तर मुळीच देऊ नयेत, कारण पहिल्या हप्त्यानंतर दुसरा येतोच. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा क्रमांक आहे आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. अठरा वर्षांखालील मुलाचा ऑनलाइन लैंगिक छळ २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे आणि मुलाचे नाव उघड होऊ न देण्याची तरतूद त्यातच आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या तक्रारींसाठी 'टेली मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

वाचकांच्या शंका

प्रश्न : सरकारने बंदी घातली की प्रश्न सुटेल ना?

उत्तर : सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली. मुले दुसऱ्या खेळात गेली आणि पुढच्याच वर्षी त्याच धर्तीचा बीजीएमआय आला. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा झाला. त्याने जुगाराला आळा बसावा हे चांगलेच. पण खेळताना कोण काय बोलतो, हे त्या कायद्याने बदलणार नाही. ते घरीच पाहावे लागेल.

प्रश्न : माझा नववीतला मुलगा खेळताना घाणेरड्या शिव्या देतो. म्हणजे तो बिघडला का?

उत्तर : नाक्यावरची भाषा त्याने उचलली आहे. थोबाडीत मारण्याआधी विचारा, "ही शिवी तुला कोणी दिली तर कसे वाटते?" पुष्कळदा कळते, की त्याला ती आधी मिळालेली असते. छळ करणारा आणि छळ सोसणारा कधी कधी एकच मुलगा असतो. दोन्ही बोलून घ्यावे, आणि शिवी चालणार नाही हे मात्र ठाम सांगावे.

प्रश्न : मुलीला खेळूच दिले नाही तर?

उत्तर : मग ती लपून खेळेल, आणि लपून खेळणाऱ्या मुलीला अडचण सांगता येत नाही. परक्याच्या गुन्ह्याची शिक्षा मुलीला देऊ नये. भावाला जे नियम, तेच तिला असावेत.

प्रश्न : आम्ही शिकलेले नाही, मोबाईलमधले काही कळत नाही. आम्ही काय करणार?

उत्तर : मोबाईल कळण्याची गरज नाही, मूल कळण्याची आहे. रात्री जेवताना फोन बाजूला ठेवून रोज एवढेच विचारा, "आज कोणाबरोबर खेळलास? काय बोलणे झाले?" पहिले आठ दिवस तो "काही नाही" म्हणेल. विचारत राहा. नवव्या-दहाव्या दिवशी काहीतरी सांगेल. ते शांतपणे ऐका. हे औषध फुकट आहे, पण रोज घ्यावे लागते.

(पुढील आठवड्यात : पावसाळ्यातील ताप आणि लेप्टोस्पायरोसिस, शेतावर जाणाऱ्यांनी घ्यावयाची काळजी.)